मधले नऊ इंच

महाजनी कुटुंबाच्या बंगल्याचं दार निफाडजवळ होतं आणि त्या दाराच्या आतलं घर सातपूरला. मध्ये चाळीस-बेचाळीस किलोमीटर रस्ता, गोदावरीवरचा पूल आणि नांदूर नाक्याची गर्दी. तरीही महाजनी मंडळी गेले एकशे अकरा भाग त्या घरात सुखाने नांदत होती. कारण 'महाजनींची माया' ही दूरदर्शन मालिका होती आणि मालिकेतल्या माणसांना दारातून आत यावंच लागत नाही. माणूस फाटकाशी दिसतो, मग एकदम सोफ्यावर दिसतो. मधलं प्रेक्षक आपापल्या घरी समजून घेतात.

सुरुवातीला मालिकेला एकच दिग्दर्शक होता. तो सकाळी निफाडला बाहेरचं चित्रित करायचा आणि दुपारी सातपूरला आतलं. तिसऱ्या महिन्यात तो आपल्या सख्ख्या बायकोला "सीन बावीस, जरा डावीकडे सरका" असं म्हणाला, तेव्हा तिने त्याची बॅग भरून त्याला त्याच्या आईकडे पाठवून दिलं. मग निर्मितीप्रमुख बाळाजी निकम यांनी कामाची वाटणी केली. निकमसाहेब एका सरकारी कार्यालयातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मनोरंजनाकडे वळले होते. स्वेच्छा त्यांची होती की कार्यालयाची, हे कधी कुणी विचारलं नाही. त्यांनी पहिल्याच आठवड्यात परिपत्रक काढलं: दाराच्या चौकटीच्या बाहेरील कडेपर्यंतचे समस्त चित्रीकरण बाह्य दिग्दर्शकाने करावे, चौकटीच्या आतील कडेपासूनचे समस्त चित्रीकरण आंतर दिग्दर्शकाने करावे, उभयतांनी परस्परांच्या कार्यक्षेत्रात ढवळाढवळ करू नये.

बाह्य दिग्दर्शक झाले नईम पिंजारी, जुन्या नाशकातले, उन्हाचे शौकीन. आंतर दिग्दर्शक झाले आल्हाद कोठावदे, मूळचे सटाण्याचे, ज्यांना माणसाचा चेहरा तीन बाजूंनी दाखवल्याशिवाय तो खरा वाटत नसे. दोघे इंदिरानगरात एकाच इमारतीत वर-खाली राहायचे. ईदला शीरखुर्मा वर जायचा आणि दिवाळीला चकल्या खाली यायच्या. मात्र परिपत्रक निघाल्यापासून कामाबद्दल दोघे एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते. ढवळाढवळ करायची नाही म्हणजे नाही.

हे सगळं एकशे अकराव्या भागापर्यंत सुरळीत चाललं. एकशे बाराव्या भागात कुसुम गायधनी आली.

कुसुमचं वय त्रेपन्न. देवळाली कॅम्पात राहायची, एका शाळेच्या कार्यालयात लिपिक होती आणि सव्वीस वर्षं हौशी नाटकमंडळीत प्रॉम्प्टर होती. म्हणजे पडद्याआड पुस्तक घेऊन बसायचं आणि नट अडखळला की हळूच वाक्य पुरवायचं. सव्वीस वर्षांत तिने राजे, सावत्र आया, वकील आणि एक भूत अशा सगळ्यांची वाक्यं म्हटली होती, पण प्रेक्षकांना ऐकू जाईल असं एकही नाही. मालिकेच्या चाचणीलाही ती दुसऱ्या एका बाईंना सोबत म्हणून गेली होती. त्या बाई अडल्या, कुसुमने सवयीने वाक्य दिलं आणि समोरच्यांनी मान वर करून विचारलं, "हे कोण बोललं?"

अशी तिला आत्याची भूमिका मिळाली. महाजनींची ही आत्या तीस वर्षांपूर्वी 'पुन्हा या घराचा उंबरठा चढणार नाही' म्हणून निघून गेलेली. आता ती परत येते, उंबरठा ओलांडते आणि वहिनीला म्हणते, "वहिनी, पाणी नंतर द्या. आधी तुमच्याकडे नीट बघू द्या मला."

बस, एवढंच. त्यापुढे आत्या घरात राहणार होती, पण घरातल्या आत्यांना मालिकेत ताट वाढायचं काम असतं, बोलायचं नसतं. म्हणजे कुसुमचं खरं वाक्य हेच. ते तिने कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवलं होतं, आणि कुकरची शिटी होईपर्यंत ते किती वेळा म्हणून होतं, याचा हिशोब तिच्या नवऱ्याला पाठ झाला होता.

पहिल्या दिवशी निफाडला नईमभाईंनी तिला फाटकातून आणलं, द्राक्षाच्या मांडवाखालून चालवलं, दारापर्यंत पोहोचवलं आणि म्हणाले, "कट. सुंदर. चला ताई, आपलं झालं."

"झालं कसं? मी आत कुठे गेले?"

"आत माझं नाही ना. चौकटीच्या बाहेरच्या कडेपर्यंत माझं. तुमची पिशवी बघा, बरोबर कडेला टेकलीय. अजून बोटभर सरकली की आल्हादभाईंच्या हद्दीत."

"मग मला उंबरठा कोण ओलांडून देणार?"

"ते देतील की. उद्या सातपूरला गेलात की तुम्ही आतच असणार. बिनधास्त राहा."

दुसऱ्या दिवशी सातपूरच्या शेडमध्ये आल्हादनी तिचं हसून स्वागत केलं. "या ताई. इथे उभ्या राहा, सोफ्याच्या उजव्या हाताला. तुम्ही आलेल्या आहात."

"कशी आले?"

"ते नईमने दाखवलं असेल ना."

"त्यांनी दारापर्यंत दाखवलं. उंबरठा तुमच्याकडे आहे म्हणाले."

आल्हादनी मागच्या खिशातून परिपत्रक काढलं. घडीवर फाटत आलं होतं. "आतील कडेपासून. वाचा तुम्हीच. उंबरठा शब्द कुठे आहे?"

कुठेही नव्हता. कलाविभागाचे दोघे टेप घेऊन आले. चौकट बाहेरच्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत नऊ इंच भरली. या नऊ इंचांचा उल्लेख परिपत्रकात नव्हता, करारात नव्हता आणि महिन्याच्या नियोजनाच्या तक्त्यातही नव्हता. आल्हादनी टिपण लिहून निकमसाहेबांकडे पाठवलं. निकमसाहेबांनी त्यावर 'बाह्य दिग्दर्शकांचे अभिप्राय घ्यावेत' असा शेरा मारला. अभिप्राय यायला आठवडा लागणार होता, आणि मालिका तर रोज संध्याकाळी साडेसातला दाखवावी लागते. तेव्हा तूर्तास आत्याने दाराबाहेर उभं राहावं असं ठरलं.

आत्या उभी राहिली. एका भागात तिने पिशवी खाली ठेवली. पुढच्या भागात उचलली. तिसऱ्या भागात तिने घंटीचं बटण दाबलं आणि तिथे नवीनच पेच आला. बटण निफाडला होतं, पण घंटी वाजते ती घराच्या आत, म्हणजे सातपूरला. बटण नईमभाईंचं, आवाज आल्हादचा. आल्हादचं म्हणणं असं की, त्यांच्याकडे बटण दाबल्याची लेखी सूचना आलेली नाही, तर आवाज काढायचा कशाच्या आधारावर? त्यामुळे आत्या बटण दाबत राहिली आणि आत महाजनी मंडळी शांतपणे हळदीकुंकू करत राहिली. एका सुनेचा हार चोरीला गेला, सापडला आणि परत गेला. दारात बाई उभी आहे हे कुणाच्या कानावर गेलं नाही.

देवळाली कॅम्पात मात्र ते सर्वांच्या कानावर गेलं होतं. कुसुमच्या शेजारच्या वत्सलाबाई गॅलरीतून विचारायच्या, "काय हो, काल पण नाही घेतलं का आत?"

"नाही हो. बहुतेक पुढच्या आठवड्यात."

"काय माणसं म्हणायची. आमच्या दारात मांजर आली तरी मी एवढा वेळ ताटकळत ठेवत नाही."

"तसं नाही वत्सलाबाई, त्यांच्यात कामाची वाटणी आहे."

"वाटणी असू दे नाहीतर नसू दे. सून कशाला ठेवलीय मग घरात?"

बाजारात भाजीवाल्याने तिला पाहिलं की स्टूल पुढे करायला सुरुवात केली. बसा आत्या, पाय भरून आले असतील. पहिल्यांदा तिला हसू आलं. चौथ्या वेळी ती खरंच बसली.

बारा भाग झाले तेव्हा निकमसाहेबांनी तोडगा काढला. ओलांडण्याचे दोन भाग करायचे. पाय उचलण्याचे काम बाह्य दिग्दर्शकाने करावे, पाय टेकवण्याचे आंतर दिग्दर्शकाने. 'उभयतांवर समान भार पडेल', असंही त्यांनी खाली नोंदवलं.

कागदावर यात खोट नव्हती. नईमभाईंनी विचार केला, शुभकामाला माणूस उजवं पाऊल आधी टाकतो, तेव्हा त्यांनी कुसुमकडून उजवा पाय उचलून घेतला आणि शांत मनाने घरी गेले. आल्हादनी विचार केला, नईम जाणता माणूस आहे, उजव्या पायाचं त्याने बघितलंच असणार, तेव्हा आपल्या वाट्याला उरला डावा.

"अहो पण मी उजवा उचललाय तिकडे," कुसुम सातपूरला म्हणाली.

"बरोबर. म्हणजे तो झाला. आता दुसरा."

"तो झाला नाही, तो हवेत आहे."

"ताई, मी नईमच्या पायात ढवळाढवळ करणार नाही."

"एक फोन करून विचारा ना त्यांना. तुमच्याच खाली राहतात."

आल्हादना हे बोलणं आवडलं नाही. "घरी आम्ही कामाचं बोलत नाही ताई. म्हणून तर दोस्ती टिकलीय."

त्या संध्याकाळी सबंध महाराष्ट्राने पाहिलं, की आत्याचा उजवा पाय निफाडला वर गेला आणि डावा सातपूरला खाली आला. लगेच जाहिरात लागली. जाहिरात संपेपर्यंत वाहिनीच्या कार्यालयात फोन सुरू झाले. माहेरवाशीण डाव्या पायाने आत आली, आता त्या घराचं काही खरं नाही, असं एकीने रडत सांगितलं. एका वाहिनीने दोन ज्योतिषी बसवून चर्चा घेतली, त्यातल्या एकाने पाय मोजायला हवेत असं मत मांडलं. महाजनींच्या घराची शांत करावी म्हणून सोलापूरहून एक नारळही आला.

वाहिनीने प्रवेश रद्द केला. झालेलं ओलांडणं हे धाकट्या सुनेला पडलेलं स्वप्न होतं असं जाहीर झालं, आणि आत्या पुन्हा दाराबाहेर गेली.

कुसुमच्या नवऱ्याने टीव्ही बंद केला. गायधनी मितभाषी गृहस्थ होते, भूगोल शिकवून निवृत्त झालेले. "एक बरं झालं," ते म्हणाले. "आत जाऊन ते वाक्य नाही बोललीस. बोलली असतीस तर तेही सुनेच्या स्वप्नात गेलं असतं."

कुसुमला त्यांचं म्हणणं पटलं आणि त्याने फारच बरं वाटलं. मग तिने त्यांना विनाकारण दोनदा चहा दिला.

आता वाहिनीलाच घाई झाली. रविवारी दोन तासांचा महाभाग होता आणि आत्याचा विषय त्यात संपवायचा होता. सोमवारी निकमसाहेबांनी सातपूरच्या शेडमध्ये बैठक बोलावली. नईमभाई टेबलाच्या या टोकाला, आल्हाद त्या टोकाला. कुसुमला बोलावलं नव्हतं, पण ती पोशाखासकट आलेली होती, म्हणून निकमसाहेबांच्या खुर्चीमागे पिशवी घेऊन बसली. हातात पिशवी असली की हल्ली तिला कुणी उठवत नसे.

टेबलावर लेखकांकडून आलेला एक प्रस्ताव होता. आत्याला दारातच भोवळ येते आणि ती तिथेच जाते.

"जाते म्हणजे?" नईमभाईंनी विचारलं.

"म्हणजे जाते," निकमसाहेब म्हणाले. "वर. कामवाटपाच्या दृष्टीने प्रस्ताव निर्दोष आहे. बाईंचं येणंही बाहेर आणि जाणंही बाहेर. संपूर्ण विषय एकाच दिग्दर्शकाच्या कक्षेत राहतो. उंबरठ्याचा प्रश्नच उद्भवत नाही."

"मला दुपारचं ऊन लागेल पण," नईमभाई म्हणाले.

"मंजूर."

खुर्चीमागे कुसुमने पर्स घट्ट धरली. सव्वीस वर्षांत तिने अनेक नटांना मध्येच कापलेलं पाहिलं होतं, पण उंबरठ्याच्या सोयीसाठी मेलेलं पात्र तिने पाहिलं नव्हतं. बोलावं म्हटलं तर तिला बैठकीत बोलायचा अधिकार नव्हता. आणि खरं सांगायचं तर चार माणसांत स्वतःच्या आवाजात बोलायची तिला सवयही नव्हती.

निकमसाहेब इतिवृत्तासाठी तोंडी मजकूर सांगू लागले. त्यांची एक अडचण होती. बोलताना नेमका सरकारी शब्द सापडेपर्यंत ते वाक्य अर्धवट सोडून छताकडे बघत असत.

"सदर प्रस्ताव हा..." निकमसाहेबांनी छताकडे पाहिलं.

"विचाराधीन," मागून हळूच आलं.

"विचाराधीन आहे. तथापि..."

"तथापि उक्त नऊ इंच."

"तथापि उक्त नऊ इंच हे... हे अद्याप..."

"अद्याप कोणाकडेही वर्ग झालेले नसल्याने."

"वर्ग झालेले नसल्याने," निकमसाहेबांचा आवाज भरदार झाला, "भविष्यात अन्य पात्रांच्या बाबतीतही..."

"असाच पेच उद्भवण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब."

"सबब," निकमसाहेब म्हणाले आणि या शब्दापाशी ते स्वतःच क्षणभर थांबले, इतका तो त्यांना आवडला. "सबब, सदर नऊ इंचांकरिता..."

"स्वतंत्र दिग्दर्शकाची नेमणूक करण्यात यावी आणि तोवर आत्यास जिवंत ठेवण्यात यावे."

निकमसाहेबांनी ते जसंच्या तसं उच्चारलं. मग टेबलावर हात ठेवून दोघांकडे पाहिलं. "हा विचार माझ्या मनात बरेच दिवस घोळत होता," ते म्हणाले.

नऊ इंचांसाठी यशश्री नावाच्या मुलीची नेमणूक झाली. वय सव्वीस, पुण्याहून दिग्दर्शनाचा अभ्यास करून आलेली, नाशिकरोडला मावशीकडे राहत होती. तिच्या ओळखपत्रावर 'चौकट दिग्दर्शक' असं छापलं. तिला स्वतंत्र कॅमेरा, सहा माणसं आणि एक गाडी मिळाली. शिवाय पत्रही मिळालं, ज्यात लिहिलं होतं की, तिने चौकटीबाहेरचं काहीही दाखवू नये, कारण ते बाह्य विभागाचं. आणि चौकटीच्या आतलंही दाखवू नये, कारण ते आंतर विभागाचं. निफाडचं दार वापरायला नईमभाईंची हरकत होती, सातपूरचं दार वापरायला आल्हादची.

"मग मी नेमकं कुठे करू?" यशश्रीने विचारलं.

निकमसाहेबांनी नकाशा मागवला. दोन्ही ठिकाणांपासून समान अंतरावर, म्हणजे कुणाचाच मान दुखावणार नाही अशी जागा काढली. ती लाखलगावजवळ टोमॅटोच्या वावरात आली.

शनिवारी सकाळी वावराच्या बांधावर एक चौकट उभी राहिली. मागे घर नाही, पुढे अंगण नाही, दोन्ही बाजूंना टोमॅटोच्या काठ्या. कुसुम पिशवी घेऊन चौकटीच्या या बाजूला उभी होती. टोमॅटो तोडणाऱ्या सात-आठ बायका हातातलं काम टाकून बघायला आल्या. त्यांच्यातली सगुणाबाई पुढे झाली. तिने चौकटीला प्रदक्षिणा घातली, आतून बाहेर पाहिलं, बाहेरून आत पाहिलं.

"घर कुठं हे?" तिने विचारलं.

"घर सातपूरला आहे मावशी," यशश्री म्हणाली.

"आन् हे दार?"

"हे निफाडचं समजायचं."

सगुणाबाईने कुसुमकडे निरखून पाहिलं आणि तिची ओळख पटली. "अगं बया, ही तर ती. दारात उभी राहती ती. बाई, पार हितवर आली का तू? तिकडं घेईनातच ना तुला?"

"आज घेणार आहेत," कुसुम म्हणाली.

"कोण घेणार? हितं तर कोणी नाय."

ते खरं होतं. वहिनीची भूमिका करणाऱ्या बाई आंतर विभागाच्या होत्या, त्यांना वावरात पाठवायला आल्हादनी नकार दिला होता. कुसुमने बोलायचं कुणाकडे बघून, हा प्रश्न होता. यशश्री म्हणाली, "ताई, ही काठी बघा. हिच्याकडे बघून बोला. मी पाय आणि वाक्य एका दमात घेते. मला तुकडे करायचे नाहीयेत." हे शेवटचं वाक्य ती जरा हळू बोलली, कारण त्या मालिकेत असं बोलणं उद्धटपणाचं ठरलं असतं.

कुसुमने काठीकडे पाहिलं. तिने आजवर पुस्तकातल्या ओळींकडे बघून वाक्यं म्हटली होती, अंधारातल्या नटांच्या पाठीकडे बघून म्हटली होती. काठीकडे बघून तिला जमेना. दोनदा ती चौकटीपर्यंत आली आणि थांबली.

सगुणाबाई काठीच्या पुढे येऊन उभी राहिली. "माझ्याकडं बघून बोल. काठीशी कोण बोलतं?"

सहायकांपैकी कुणीतरी तिला बाजूला व्हायला सांगणार होतं. यशश्रीने हातानेच त्याला गप्प केलं.

कुसुमने उजवा पाय उचलला. तो चौकटीवरून नेला आणि पलीकडच्या मातीत टेकवला. मग डावा आणला. तिने सगुणाबाईच्या तोंडाकडे पाहिलं. डोक्याला बांधलेला टॉवेल, कानात फुलं, नाकावर टोमॅटोच्या पानांचा हिरवा डाग. आणि कुसुम बोलली. सव्वीस वर्षं कुजबुजलेल्या आवाजाला एवढी जागा मिळाली, की वाक्य वावरभर गेलं.

"वहिनी, पाणी नंतर द्या. आधी तुमच्याकडे नीट बघू द्या मला."

सगुणाबाईने पदर डोळ्यांना लावला. "बघ की माय," ती म्हणाली. "निवांत बघ. मी कुठं पळून चालली?"

यशश्री कट म्हणायला विसरली. तिच्या वतीने ते गाडीच्या चालकाने म्हटलं.

रविवारी गायधनींच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. वत्सलाबाई आपल्या निवृत्त सुभेदार नवऱ्याला घेऊन आल्या, शाळेतल्या चार शिक्षिका आल्या, नाटकमंडळीतली जुनी माणसं आली. दोन तास सगळे दम धरून बसले. शेवटच्या पाच मिनिटांत आत्या दारात आली. उजवा पाय उचलला गेला. उजवाच पाय टेकला. खोलीत टाळ्या झाल्या. आणि पुढच्याच क्षणाला आत महाजनींची सगळी मंडळी रडताना दिसली. थोरली वहिनी तीन बाजूंनी रडली. मग नावं वर सरकू लागली.

वाक्य कुठेही नव्हतं.

झालं होतं ते सगळं नियमाला धरूनच. वाक्य पाय टेकल्यानंतरचं, म्हणजे ते आंतर विभागाचं. चौकट विभागाला ते घेण्याचा अधिकार नव्हता, तेव्हा संकलनात त्याला जागा मिळाली नाही. आणि आंतर विभागाने ते घेतलं नव्हतं, कारण आल्हादनी वाक्यानंतरचं रडणं गुरुवारीच आटोपून टाकलं होतं.

"पाय मात्र छान पडला," वत्सलाबाई म्हणाल्या. सुभेदारांनी मान डोलावली. कुसुम चहाचे कप गोळा करू लागली. सगळे गेल्यावर गायधनी तिच्यामागे स्वयंपाकघरात आले आणि कप विसळायला लागले. ते कधी कप विसळत नसत.

"वावरात कितीजणी होत्या म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"सात-आठ."

"मग आमच्यापेक्षा त्या नशीबवान," ते म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी साडेसातला कुसुमने टीव्ही लावला नाही. तो वत्सलाबाईंच्या घरात लागला होता आणि भिंत पातळ होती. मालिकेच्या सुरुवातीला 'मागील भागात' म्हणून आधीच्या भागाचे तुकडे दाखवतात. ते तुकडे मुंबईत एक वेगळाच विभाग जोडतो, आणि निकमसाहेबांचं एकही परिपत्रक त्या विभागापर्यंत आजवर पोहोचलेलं नव्हतं. त्या लोकांनी सगळं चित्रीकरण चाळलं, त्यांना एक बाई एका दमात पाय टाकून बोलताना दिसली. वहिनी दिसत नव्हती, मागे घराच्या जागी नुसतं धूसर हिरवं होतं, पण तेवढं चालतं. त्यांनी ते पुरं घेतलं. भिंतीपलीकडून कुसुमला स्वतःचा आवाज आला. सबंध वाक्य, एकही शब्द न गाळता.

ती पोळी तव्यावर तशीच सोडून उभी राहिली. पोळी करपली.

दोन मिनिटांत वत्सलाबाई दारात. "कुसुमताई, कालपासून सांगायचं राहून गेलं बघा. काल तुम्ही ते पाणी नंतर द्या म्हणालात ना, मला माझी आत्याच आठवली."

"काल नव्हतं हो ते. आजच दाखवलं, मागील भागात म्हणून."

"काय सांगता. काल तुमच्याच घरात बसून ऐकलं मी. आमच्या ह्यांचा चहा निवला होता हातात. विचारा त्यांना."

सुभेदारांना विचारण्यात आलं. त्यांनी चहा निवल्याचं मान्य केलं.

रात्रीच्या जेवणापर्यंत फोन येत राहिले. शाळेतल्या चारही शिक्षिकांनी कालचं वाक्य ऐकून कसं वाटलं ते सांगितलं. नईमभाईंनी कळवलं की, काल ते वाक्य इतकं पोहोचलं ते उन्हामुळे. आल्हाद म्हणाले, काल आपण वहिनींचं रडणं लावलं नसतं तर वाक्य उघडं पडलं असतं. निकमसाहेबांनी रविवारच्या भागात सदर वाक्य विहित वेळेत प्रक्षेपित झाल्याची नोंद घेतली आणि तिन्ही दिग्दर्शकांचं समान शब्दांत अभिनंदन केलं. एकट्या यशश्रीचा आवाज बारीक होता. "ताई, काल होतं का हो ते? मला नक्की आठवत नाहीये. मी बघत होते, तरी."

कुसुमने गायधनींकडे पाहिलं.

"होतं की," गायधनी करपलेली पोळी चावत म्हणाले. "कालच मी तुला म्हणालो नाही का, स्पष्ट बोललीस म्हणून."

कुसुमने फोन दुसऱ्या कानाला लावला. सव्वीस वर्षं ती प्रत्येक नटाला त्याचं विसरलेलं वाक्य देत आली होती, आणि आता सबंध महाराष्ट्र तिला तिचं देत होता. "होतं गं," ती म्हणाली. "काल होतं."

आता तुम्ही म्हणाल, काय ही माणसं. एका दिवसात कसं कुणी विसरेल, की काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही. पण तुम्हीही तो रविवारचा महाभाग पाहिलाच होता. आत्या आत येते, पिशवी खाली ठेवते, वहिनींचा हात तांब्यावर तसाच थबकतो, आणि मग ती बोलते. वहिनींचा तो थबकलेला हात.

बघा, आठवला.